चष्म्याच्या डबीतले कामगार

मी एक जुना हजेरीचा डबा आहे. काळा, जाड पुस्तकाएवढा, पोटावर अंगठ्याच्या मापाची काच असलेला. कामावर येणारी माणसं त्या काचेवर अंगठा टेकवतात आणि मी त्यांची हजेरी मांडतो. मांडतो कसला, मांडायचो. आता मी एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या खाटेखाली उताणा पडलो आहे. माझीच वायर माझ्या गळ्याभोवती गुंडाळून ठेवली आहे.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा फार गोड बोलतात. छत्री सांगते, मी भिजले पण तुम्हाला भिजू दिलं नाही. बाक सांगतो, माझ्या अंगावर तुम्ही नावं कोरलीत तरी मी रागावलो नाही. मला तसं बोलणं जमणार नाही. मी रागावलेलो आहे, आणि हा राग इतक्यात उतरावा अशी माझी इच्छाही नाही. तुम्ही लहान आहात म्हणून शब्द जपून वापरीन, एवढंच.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही बाजूंना डोक्याला टोप्या घातलेल्या मुली बसायच्या. एक तारा जोडायची, दुसरी काच बसवायची, तिसरी स्क्रू पिळायची. शेवटच्या खुर्चीवरची मुलगी प्रत्येक डब्यावर स्वतःचा अंगठा टेकवून तो चालतो का ते बघायची. माझ्या काचेवर पडलेला पहिला अंगठा तिचा. त्याला केळ्याचा वास होता, कारण ती नुकतीच डबा खाऊन आली होती. मी तिला ओळखलं, माझा हिरवा दिवा लागला आणि ती पुढच्या डब्याकडे वळली.

मला दोनच वाक्यं दिली होती. अंगठा ओळखीचा निघाला तर 'धन्यवाद', आणि नाही निघाला तर 'पुन्हा प्रयत्न करा'. आवाज माझा नाही, कुणा एका बाईचा आहे. तिने तो एकदाच, एका दुपारी, चहा घेता घेता देऊन टाकला असेल. मी मात्र तो जन्मभर वापरला.

इस्पितळात मला मागच्या फाटकाशी, सामानाच्या खोलीच्या दाराशेजारी भिंतीवर बसवलं. समोर फरशीचं अंगण होतं आणि अंगणापलीकडे धुलाईघर. डॉक्टर लोक पुढच्या फाटकाने यायचे, त्यांच्याशी माझा संबंध नव्हता. माझ्यासमोरून जायची ती झाडणारी, पुसणारी, बेडपॅन धुणारी माणसं. साफसफाईचं काम इस्पितळाने एका खाजगी कंपनीला दिलं होतं. जेवढी माणसं रोज कामावर हजर, तेवढ्या माणसांचा पगार इस्पितळ कंपनीला देणार, आणि कंपनी तो माणसांना देणार. आणि हजर कोण हे मी ठरवणार होतो.

माझ्या उद्घाटनाला फीत होती. इस्पितळाचे मोठे डॉक्टर ती कापायला आले होते, आणि त्यांच्या शेजारी कंपनीचा मॅनेजर उभा होता. कामगारांनी त्याचं नाव 'इस्त्रीसाहेब' ठेवलं होतं. त्याच्या पांढऱ्या शर्टाला एक सुरकुती कधी कुणाला दिसली नाही. तो कुणावर ओरडायचा नाही, पानतंबाखू नाही, शिवी नाही. म्हाताऱ्या मावशांनाही 'अहो, ताई' म्हणायचा. त्या दिवशी त्याने छोटं भाषण केलं. माणूस खोटं बोलतो, यंत्र बोलत नाही, म्हणून आजपासून या इस्पितळात कामचुकारपणा बंद, असं तो म्हणाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नवा होतो, मला ते सगळं खरं वाटलं आणि मी आतून फुगलो.

दुसऱ्याच दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डातली मावशी माझ्यापुढे आली.

मावशी बुटकी, रुंद, चालताना डाव्या पायावर थोडी जास्त झुकणारी. त्या वॉर्डात तिची इतकी वर्षं गेली होती की वॉर्डात जन्मलेल्या मुली आता स्वतः बाळंत व्हायला तिथे येत होत्या. तिने अंगठा टेकवला आणि मला काहीच दिसलं नाही. मी रेषा वाचतो, मित्रांनो. अंगठ्यावर बारीक बारीक रेषा असतात ना, तेवढंच माझं वाचन. मावशीच्या अंगठ्यावर रेषा उरल्याच नव्हत्या. फिनेल, ॲसिड, सोडा, आणि पोछा पिळून पिळून तो अंगठा वापरून संपत आलेल्या साबणासारखा गुळगुळीत झाला होता. मी म्हणालो, पुन्हा प्रयत्न करा.

तिने अंगठ्यावर फुंकर मारली. अंगठा केसांत घासला, ॲप्रनला पुसला, पुन्हा टेकवला. मागे रांग खोळंबली होती, कुणी हसत होतं. कितव्या तरी खेपेला कुठलीशी एक कोपऱ्यातली रेष मला सापडली आणि हिरवा दिवा लागला. पुढे हे रोजचंच झालं. कधी ओळख पटायची, कधी नाही पटायची. पटली नाही तरी ती कामाला जायचीच, कारण वॉर्ड तिची वाट बघत असायचा. मी मात्र त्या दिवशी तिला गैरहजर मांडायचो. तिने मुकादमाला सांगून बघितलं. मुकादम म्हणाला, मशीनचं जे काय असेल ते मशीनशी बोल.

मग ती खरंच माझ्याशी बोलायला लागली. अंगठा टेकवायच्या आधी जरा वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणायची, "काय बाबा, आज ओळख देणार का?"

तिचं बोलणं मला कळायचं. पण मला वाक्यं दोनच दिलेली.

आता मुकादमाच्या डबीकडे येतो. हा मुकादम म्हणजे इस्त्रीसाहेबाचा उजवा हात. जाडा, घामट, नेहमी घाईत. एके सकाळी रांग संपल्यावर तो माझ्यासमोर आला, इकडे तिकडे बघितलं आणि खिशातून चष्म्याची डबी काढली. त्याला चष्मा नव्हता. डबीत कापसावर रबराचे सहा अंगठे मांडून ठेवले होते, एखाद्याने हौसेने जमवलेल्या शिंपल्यांसारखे. त्याने एकेक उचलून माझ्या काचेवर दाबला. रबर गार होतं, त्याला घामही नव्हता आणि कसला वासही नव्हता. पण त्यावर रेषा होत्या. ठसठशीत, स्वच्छ, शाळेतल्या पाटीवर काढाव्यात तशा. मी सहाही वेळा म्हणालो, धन्यवाद.

इथे तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, मग चूक तुझीच की. थांबा जरा. मला रेषा वाचायला शिकवलं होतं, माणूस वाचायला नाही. डब्यासमोर उभा कोण आहे हे बघणारा एक माणूस तिथे नेमायचा असं करारात होतं, आणि तो माणूसही त्या सहांपैकीच एक होता. म्हणजे पहारेकरीसुद्धा रबराचा. मी माफी मागणार नाही, आणि का मागणार नाही ते शेवटी सांगतो.

हे सहा अंगठे आकाशातून पडले नव्हते. एक मुकादमाच्या मेहुण्याचा, एक इस्त्रीसाहेबाच्या ड्रायव्हरचा, एक ड्रायव्हरच्या भावाचा. एक तर मुकादमाच्या सासऱ्याचा होता, आणि तो सासरा ठसा दिल्यावर दोन महिन्यांत वारला होता. बिचारा मेल्यानंतर रोज सकाळी इस्पितळात झाडू मारायला हजर असायचा. या सहांचा पगार दर महिन्याला निघायचा आणि वाटेत कुठेतरी वळून इस्त्रीसाहेबाकडे पोचायचा. थोडा मुकादमाला, थोडा इस्पितळाच्या हिशेबनिसाला. हिशेबनीस अंगणातून जाताना माझ्याकडे न बघता जायचा, म्हणून मला कळलं.

एवढंच असतं तर तुम्ही म्हणाला असता, पैसे सरकारचे, सरकार मोठं आहे. मोठी माणसंही अगदी असंच म्हणतात. पण हे सहा जण कुठेतरी कामाला असायला हवे होते ना? त्यातले दोघे बाळंतिणींच्या वॉर्डात मांडलेले होते. तिथे तीन माणसांचं काम, त्यातली खरी एकटी मावशी. लांब वॉर्ड, त्याला लागून ऑपरेशनची खोली, संडास, जिना. एका बाईने ते सगळं करायचं म्हणजे काय होतं ते मी फाटकाशी तिच्याच तोंडून ऐकलं आहे. पोछा एकच. बादलीतलं पाणी बदलायला नळ दुसऱ्या टोकाला. संडास पुसलेला पोछा त्याच पाण्यात पिळून ती खाटांखाली घालायची नाही म्हणजे नाही, म्हणून दर वेळी बादली उचलून त्या टोकाला जायची, आणि मग जिना राहायचा, ऑपरेशनच्या खोलीबाहेरचा भाग राहायचा. घरी जाताना तिचे हात थरथरत असायचे. बाहेर पडताना पुन्हा अंगठा टेकवावा लागतो, आणि थरथरणारा गुळगुळीत अंगठा तर मला मुळीच वाचता यायचा नाही.

इस्त्रीसाहेबाने कुणाच्या खिशात हात घातला नाही. कुणाच्या दाराची कडी तोडली नाही, कुणाला चाकू दाखवला नाही. भाजीच्या गाडीवरून एक पेंडी उचलणाऱ्याला लोक रस्त्यात धरून बडवतात. हा रोज सकाळी आजारी माणसांच्या खालची फरशी चोरत होता आणि लोक त्याला साहेब म्हणून खुर्ची देत होते. याला पांढरपेशा गुन्हा म्हणतात. मला तो शब्दच आवडत नाही. त्यात गुन्हा उगीच धुतल्यासारखा वाटतो.

आता माझ्या कौतुकाचा दिवस सांगतो, म्हणजे माझी सगळ्यात जास्त लाज काढली गेली तो दिवस.

इस्पितळाचा वर्धापनदिन होता. मोठे डॉक्टर मनाने बरे, पण कागदावर भरवसा ठेवणारा माणूस. त्यांनी ठरवलं, वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्या कामगारांचा सत्कार करायचा. माझ्या पोटातून हजेरी काढली. वर्षभर एकही खाडा नाही असे सहाच निघाले. कोणते, ते तुम्ही ओळखलंच असेल. खऱ्या माणसांना ताप येतो, त्यांची मुलं आजारी पडतात, बस चुकते. रबराला काय होणार आहे?

यादी वाचून मुकादमाचा चेहरा पांढराफटक पडला. सहा जणांना व्यासपीठावर उभं करायचं, तेही दोन दिवसांत. अंगणात मांडव घातला होता, त्यामुळे सगळं मला समोरच दिसत होतं. नावं पुकारली. मेहुणा आला, ड्रायव्हर आला, ड्रायव्हरचा भाऊ आला, आणखी दोघे आले. सगळ्यांच्या अंगावर कंपनीचा निळा गणवेश, आणि गणवेशाच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. छातीवर आडव्या उभ्या रेघा, दुकानातून काढून तशीच घातलेली कापडं. सहावं नाव वारलेल्या सासऱ्याचं. मेहुणाच पुन्हा वर चढला, या वेळी डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क लावून. मोठ्या डॉक्टरांनी त्याला दुसऱ्यांदा तसाच बक्षिसाचा स्टीलचा डबा दिला आणि म्हणाले, या वयातही किती काटक आहात तुम्ही.

मागच्या रांगांत खसखस पिकली. कामगारांना कळलं होतं. सिस्टरांना कळलं होतं. पहिल्या रांगेत बसलेल्या कितीतरी जणांना काहीतरी खटकलं होतं, कारण ते एकमेकांकडे बघून पटकन दुसरीकडे बघायला लागले होते. आणि मग काय झालं? मित्रांनो, त्यांनी टाळ्या वाजवल्या. हसत हसत, मजा बघितल्यासारख्या. मावशी धुलाईघराच्या पायरीवर उभी होती. तिला कुठलाही डबा मिळाला नाही, कारण माझ्या हिशेबाने ती वर्षातले कितीतरी दिवस आलीच नव्हती. तिनेही टाळ्या वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

त्यानंतर थोड्याच दिवसांत इस्त्रीसाहेबाने तिला बोलावलं. अगदी सौम्यपणे सांगितलं की ताई, तुमचे खाडे फार दिसताहेत, वरून विचारणा झाली आहे, तेव्हा चौकशी होईपर्यंत घरी थांबा. ती म्हणाली, मी रोज येते, वॉर्डात कुणालाही विचारा. तो म्हणाला, माझा तुमच्यावर विश्वास आहे हो, पण यंत्र तसं म्हणत नाही. हे बोलणं माझ्याच समोर झालं. तिने माझ्याकडे बघितलं, मग अंगठ्याकडे बघितलं आणि पिशवी उचलून निघून गेली. तिच्या जागी दुसरं कुणी आलं नाही. कागदावर वॉर्डात अजून दोघे होतेच.

आणि नेमकं तेव्हाच तिची लेक बाळंतपणाला आली.

लेक एका शिवणकामाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. तिचं पहिलंच बाळंतपण. आईचा वॉर्ड म्हणून हट्टाने तिथेच यायचं तिने ठरवलं होतं. आई हात धरायला असेल, सिस्टर ओळखीच्या आहेत, मग भीती कसली? बाळ आडवं होतं म्हणून पोट उघडून काढावं लागलं. मुलगी झाली, गुटगुटीत. मावशी त्या दिवशी मागच्या फाटकाने आली नाही, पुढच्या फाटकाने, भेटीच्या वेळेत, पास घेऊन आली. आपल्याच वॉर्डात पाहुणी म्हणून.

पुढचं मला मोठ्या सिस्टरांकडून कळलं. त्या रोज सुटल्यावर सामानाच्या खोलीपाशी थांबून स्टोअरवाल्याशी बोलायच्या. मावशी वॉर्डात शिरली आणि पहिल्यांदा तिने खाली बघितलं. फरशी काळवंडली होती, खाटेखाली कापसाचे बोळे तसेच होते, ऑपरेशनच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी काहीतरी वाळून चिकटलं होतं. तिने बाळाला सिस्टरांकडे दिलं, बादली काढली आणि पोछा मारायला घेतला. अर्धा वॉर्ड झाला नाही तोच मुकादम धावत आला. तो म्हणाला, "तू हजेरीत नाहीस. हात लावायचा नाही." तिने ऐकलं नाही तेव्हा त्याने तिच्या हातातून काठी ओढून घेतली आणि तिला दाराबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तिचा पासही अडवला.

लेकीच्या टाक्यांत पू झाला. ताप चढला. सलाइन लावलं, इंजेक्शनं बदलली, मोठे डॉक्टर स्वतः येऊन बघून गेले. त्याच वॉर्डातल्या आणखी तिघींना ताप आला, त्या वाचल्या. मावशीची लेक वाचली नाही. ती गेली त्या सकाळी मुकादमाने नेहमीप्रमाणे डबी उघडली होती आणि मी वॉर्डातल्या त्या दोघांना धन्यवाद म्हटलं होतं.

बातमी बाहेर गेली म्हणून चौकशी समिती बसली. मला भिंतीवरून काढून पुरावा म्हणून सभेच्या खोलीत नेलं आणि लांब टेबलावर ठेवलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा इस्पितळाची पुढची बाजू बघितली. तिथली फरशी आरशासारखी होती, ते मला विसरता येत नाही.

समितीचे अध्यक्ष पिकल्या केसांचे साहेब होते. त्यांनी हजेरी मागितली. इस्त्रीसाहेबाने ती नीट फायलीत लावून आणली होती. तो म्हणाला, त्या सगळ्या दिवसांत वॉर्डात आमची दोन्ही माणसं हजर आहेत, वॉर्ड रोज पुसला गेला आहे. मग आवाज थोडा खाली आणून म्हणाला, एक गोष्ट सांगायला जड जातं, पण मृत मुलीच्या आईने त्या काळात परवानगी नसताना वॉर्डात शिरून पोछा मारला होता. बाहेरची, हजेरीत नसलेली व्यक्ती. संसर्ग त्यातून आला असेल का, याचा विचार समितीने करावा.

मित्रांनो, मी लोखंड-प्लास्टिकचा आहे. तरी ते ऐकून माझ्या तारा तापल्या. ज्या बाईने जन्मभर तो वॉर्ड पुसला, तिनेच आपल्या मुलीला मारलं असं तो म्हणत होता, आणि तेही हळहळून.

मावशी भिंतीशी उभी होती, तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. ती पुढे आली. रडली नाही, आवाजही चढवला नाही.

"ती दोघं रोज आमच्या वॉर्डात होती म्हणता ना साहेब? मग बोलवा त्यांना," ती म्हणाली. "अवघड काही विचारू नका. आमची बादली कुठे ठेवतात, तेवढं विचारा."

त्या दोघांतला एक म्हणजे मुकादमाचा मेहुणा. तो बाहेरच बसवून ठेवला होता, लागला तर असावा म्हणून. त्याला आत आणलं. अध्यक्षांनी विचारलं. त्याने मुकादमाकडे बघितलं, मुकादमाने छताकडे बघितलं. मेहुणा म्हणाला, नळाखाली.

मोठ्या सिस्टर इतका वेळ मान खाली घालून बसल्या होत्या. सत्काराच्या दिवशी टाळ्या वाजवणाऱ्यांत त्याही होत्या. आता त्या उठल्या. म्हणाल्या, बादली दारामागे असते, दुसरीकडे जागाच नाही, त्यामुळे वॉर्डाचं दार कधी पुरतं उघडत नाही आणि आत येणारी प्रत्येक बाई, प्रत्येक खाट अंग चोरून आत येते. तिथे एक तास थांबलेल्या माणसालाही हे माहीत असतं. एवढं बोलून त्या खाली बसल्या.

आता सगळं उघड झालं होतं. मला वाटलं, आता होईल काहीतरी. इस्त्रीसाहेबाने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला आणि माझ्याकडे बोट केलं. "मग यंत्रातच बिघाड असणार," तो म्हणाला.

त्या खोलीत जो सुटकेचा श्वास टाकला गेला तो मी ऐकला आहे. सत्कार करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी टाकला, बिलं पास करणाऱ्या हिशेबनिसाने टाकला, अध्यक्षांनीही टाकला. यंत्रात बिघाड म्हटलं की कुणी नालायक ठरत नाही, कुणाची नोकरी जात नाही, कुणाच्या घरी पोलीस जात नाही. टाळ्या वाजवणारे सगळे त्या एका वाक्यातून मोकळे झाले. मावशीने त्या सगळ्यांकडे एकेक करून बघितलं आणि म्हणाली, "त्याला कशाला बोलता? त्याला डोळे नाहीत. तुम्हाला आहेत."

अहवालात तांत्रिक दोष असं लिहिलं गेलं. मुकादमाला काढून टाकलं, कारण कुणाला तरी काढणं भाग होतं. कंपनीचं काम काढून घेतलं. काही महिन्यांनी नव्या नावाची कंपनी आली, फाटकाशी नवी पाटी लागली आणि पाटीखाली तोच बिनसुरकुतीचा पांढरा शर्ट उभा राहिला. माझ्या जागी नवा डबा बसवला. तो चेहरा बघतो म्हणे. उद्घाटनाला पुन्हा फीत होती, आणि यंत्र खोटं बोलत नाही हे भाषणही पुन्हा झालं. अडगळीच्या खोलीच्या झरोक्यातून मला टाळ्या ऐकू आल्या.

म्हणून मी माफी मागत नाही. यंत्राने माफी मागितली की माणसं सुटतात. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही टेबलामागे बसतील, काहींच्या कॉलरी पांढऱ्या असतील. तुमच्यापुढे कुणी भरलेली हजेरी ठेवली तर कागद बघून मान डोलावू नका. उठा, चालत त्या वॉर्डापर्यंत जा, दार ढकलून बघा. आणि ज्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत असतील आणि तुम्हाला काहीतरी खटकेल, त्या दिवशी हात खिशात ठेवा. याहून मोठी शिकवण माझ्याकडे नाही.

मावशीला नव्या कंपनीने परत घेतलं. त्यासाठी मोठ्या सिस्टरांनी आठ दिवस कंपनीच्या ऑफिसच्या दारात ठाण मांडलं होतं. परवा ती अडगळीच्या खोलीत जुनी काठी शोधायला आली होती. कमरेवर नात होती, घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून तिच्याबरोबर येते. मावशी काठ्या उलथ्यापालथ्या करत होती तेवढ्यात नात खाली उतरली, खाटेखाली रांगत आली आणि तिने माझ्या काचेवर अंगठा दाबला. इवलासा, ओलसर, नुकताच तोंडातून काढलेला. त्यावरच्या रेषा इतक्या ताज्या होत्या की दिवा चालता असता तर लख्ख हिरवा लागला असता. माझ्यात वीज नव्हती. मावशीने वाकून मला बघितलं, ओळखलं, ॲप्रनच्या टोकाने काच पुसली आणि नातीला उचलून घेऊन गेली.

ती पोर मोठी होईल. उद्या कदाचित शाळेत तुमच्याच बाकावर बसेल. आई कुठे असते असं कुणी विचारलं तर ती सांगेल, मला जन्म दिला, मग ताप आला आणि गेली. घरी तिला तेवढंच सांगितलेलं असेल. ते खोटं नाही. ताप आला होता. पण तो ताप आपोआप आला नव्हता, कुणीतरी तो आणला होता, आणि त्या माणसाचा शर्ट फार स्वच्छ होता. मित्रांनो, हे तिला तुम्ही सांगा. मला दोनच वाक्यं येत होती, आणि आता तीही येत नाहीत.